प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण आणि वारकरी भजन : श्रोत्याच्या जागेचा विचार

संतकाव्याच्या अभ्यासात शब्दसंहितेची चिकित्सा पुष्कळ झाली आहे; त्या मानाने गायिलेल्या अभंगाच्या ध्वनिमुद्रणाची समीक्षा फारशी होत नाही. संत नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मगाव म्हणून परंपरेने मानले गेलेले नर्सी हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यामुळे हा प्रश्न येथील अध्यापकांच्या अगदी दारातला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा एकच पैलू विचारात घेतला आहे : ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला ते कोठे नेऊन बसवते?

पंडित भीमसेन जोशी (१९२२-२०११) यांनी ‘संतवाणी’च्या रूपाने अभंगाला मैफलीच्या व्यासपीठावर प्रतिष्ठा मिळवून दिली. राम फाटक यांनी स्वरबद्ध केलेला नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ स्टुडिओतील मुद्रणात ऐकला, तर अहिरभैरवाची चौकट आणि रचनेचा आटोपशीरपणा मनात भरतो. प्रत्यक्ष मैफलीच्या मुद्रणात हीच रचना सैल होते, आणि ते तिला मानवते. विठ्ठल हे नाम आलापीचे द्रव्य बनते, गायक त्याभोवती पुनःपुन्हा फिरतो, माउली टाकळकरांचा टाळ लयीला धार देतो आणि मध्येच सभागृहातून दाद येते. ही दाद वगळली, तर पुढच्या आवर्तनातील गायकाचा उत्साह अकारण वाटू लागेल. श्रोत्यांचा आवाज येथे मुद्रणातील दोष नसून संहितेचाच भाग आहे.

मात्र ही दाद विश्वसनीय असतेच असे नाही. अमेरिकेतील ‘कंट्री’ या ग्रामीण वळणाच्या संगीतातील गायक जॉनी कॅश याने १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर कार्यक्रम केला. त्याची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली आणि गाजली. तीत खुनाची कबुली देणाऱ्या ओळीनंतर कैद्यांचा जल्लोष ऐकू येतो. तो त्या क्षणी झालेलाच नव्हता. मुद्रिका तयार करताना तो मागाहून जोडला गेला, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. पहारेकऱ्यांच्या देखत कैदी त्या ओळीला गप्प राहिले, हे अधिक बोलके होते. तेच पुसले गेले.

वारकरी भजनाच्या बाबतीत प्रश्न आणखी मूलगामी होतो, कारण तेथे श्रोता हा स्वतंत्र वर्गच नसतो. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. मध्ये विणेकरी आणि मृदंगवादक. एकाने चरण म्हणायचा, इतरांनी ध्रुवपद उचलायचे आणि लय चढत चढत गजरापर्यंत न्यायची, अशी ही रचना आहे. दाद द्यायला कोणी मोकळा नाही. प्रत्येकाच्या हातात टाळ आहे. अखंड हरिनाम सप्ताहात कोणीतरी भ्रमणध्वनीवर केलेले मुद्रण ऐकले, तर प्रथम निराशा होते. टाळांच्या धातुनादाखाली शब्द बुडतात, मृदंगाच्या डाव्या अंगाचा, कणीक लावलेल्या बाजूचा, खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. मैफलीच्या निकषावर हे मुद्रण टाकाऊ ठरेल. परंतु रांगेत उभ्या असलेल्या माणसाला प्रत्यक्षात असेच ऐकू येते : स्वतःचा टाळ सर्वांत मोठा, शेजाऱ्याचा त्याखालोखाल, शब्द आधीच पाठ. सभागृहातील मुद्रण दहाव्या ओळीतील खुर्चीशी प्रामाणिक असते, हे ओबडधोबड मुद्रण टाळकऱ्याच्या कानाशी प्रामाणिक असते. स्टुडिओतील मुद्रण कोणत्याच जागेचे नसते. (त्यातच त्याचे सौंदर्य आहे, हे मान्य करायला हरकत नाही.)

हा भेद केवळ सैद्धांतिक नाही. भजनस्पर्धांना परीक्षक म्हणून अनेकदा आपल्यापैकीच प्राध्यापक जातात आणि ‘संतवाणी’ने घडवलेला कान घेऊन जातात. आवाजाची तयारी, आलाप, ताना यांना गुण मिळतात. ध्रुवपद उचलण्यातील एकजूट गुणपत्रिकेत सहसा दिसत नाही. परिणामी मंडळे दोन रांगा मोडून प्रेक्षकांकडे तोंड करून बसतात, एक गायक पुढे येतो आणि बाकीचे त्याचे साथीदार होतात. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील आख्यायिका अशी, की नामदेवांना कीर्तन देवळामागे करावे लागले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. व्यासपीठावरच्या भजनात मात्र टाळकरीच फिरले आहेत.

मैफलीच्या मुद्रणांना भजनाचा मापदंड मानू नये, एवढेच म्हणून भागणार नाही. भजनाच्या पारंपरिक चाली वयोवृद्ध भजनकऱ्यांच्या कंठातच आहेत. महाविद्यालयांनी त्या मुद्रित करायच्या तर एक माइक मध्यभागी विणेकऱ्याजवळ आणि दुसरा टाळकऱ्यांच्या रांगेतच ठेवावा. दोन्ही मुद्रणे स्वतंत्र जपावीत, मिसळून गुळगुळीत करू नयेत. चाल कोणाकडून आली, टाळकरी किती होते, भजन देवळात झाले की मांडवात, ही नोंद सोबत हवी. माइक कोठे होता, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.