परतलेला शिपाई आणि आमचें वाङ्मय

आमच्या वाङ्मयानें वीराला दोनच जागा नेमून दिल्या आहेत : एक रणांत, दुसरी चितेवर. पहिल्या जागीं त्याला पोवाडा गांठतो, दुसऱ्या जागीं विलापिका. जो लढून घरीं आला, परंतु ज्याचें मन मागेंच राहिलें, त्याच्याकडे आमची लेखणी क्वचितच वळली आहे.

बुलढाणा जिल्ह्यापुरतेंच पाहूं. १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं पुलवामा येथें केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान बळी पडले; त्यांत दोघे या जिल्ह्याचे, एक मलकापूरचा व एक लोणार तालुक्यांतला. मृतांचें स्मरण होतें, आणि तें व्हावयासच पाहिजे. परंतु त्या ताफ्यांत सुमारें अडीच हजार जवान होते. सोबत्यांची गाडी ज्यांच्या डोळ्यांदेखत नाहींशी झाली, त्यांच्या रात्री कशा जात असतील? १ जुलै २०२३ रोजीं सिंदखेडराजानजीक समृद्धि महामार्गावर बस पेटून २५ प्रवासी दगावले. तो आंकडा छापून आला. ज्यांनीं ते देह बाहेर काढिले, त्यांची गोष्ट कोणी लिहावयाची?

वास्तविक आमची परंपरा इतकी मुकी नाहीं. महाभारताच्या शांतिपर्वाचा आरंभच मुळीं विजयी युधिष्ठिराच्या शोकानें होतो. त्याला राज्य नकोसें होतें, तो वनांत जावयास निघतो. भीम व द्रौपदी त्याला टाकून बोलतात. परंतु व्यास व कृष्ण त्याला भीष्मापाशीं पाठवितात, आणि मग प्रश्न व उत्तरें यांचा तो दीर्घ संवाद चालतो. असें लिहिल्यानें शिपायाचें धैर्य खचेल, ही भीति ज्यांना वाटते त्यांनीं ध्यानीं घ्यावें कीं, तोच युधिष्ठिर पुढें छत्तीस वर्षें राज्य करितो.

अर्वाचीन काळीं मनाच्या जखमेकडे मराठी कादंबरीचें लक्ष वेधिलें तें अमरावतीस जन्मलेल्या विश्राम बेडेकरांनीं. ‘रणांगण’ (१९३९) या नांवावरून लढाईची अपेक्षा करणारा वाचक फसतो. युरोपांतून निघालेली एक बोट, तिजवरील ज्यू निर्वासित, चक्रधर आणि हॅर्टा. शेवटीं हॅर्टाचा आत्मघात. रण आहे तें मनांत. लेखक उपदेश करीत नाहीं, हेंच त्या कृतीचें मोठेपण. मात्र तें दुःख छळ सोसणाऱ्यांचें आहे, शस्त्र धरणाऱ्याचें नव्हे. ती दुसरी बाजू तितक्याच संयमानें कोणी लिहावी, अशी आमची अपेक्षा आहे.

अपेक्षा केवळ साहित्यिक नाहीं. याच जिल्ह्यांत सैलानीबाबांच्या दर्ग्यावर मनानें आजारी माणसांना घेऊन दूरदूरचीं कुटुंबें येतात. त्यांच्या श्रद्धेची थट्टा आम्ही करणार नाहीं. परंतु दुःखाला घरांत शब्द मिळाला नाहीं, म्हणजे तें भूतबाधेच्या नांवानें बोलूं लागतें, हें कोणास नाकारतां येईल? इंग्लंडांत १९१५ सालीं चार्ल्स मायर्स या वैद्यानें सैनिकांच्या या विकाराला ‘शेल शॉक’ या नांवानें वैद्यकीय नियतकालिकांत स्थान दिलें. आमच्या देशांत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें, आत्मघाताचा प्रयत्न करणारा हा तीव्र मानसिक ताणाखालीं आहे असें गृहीत धरलें. २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनीवर त्याचें ऐकून घेण्याची सोयहि झाली. परंतु तो क्रमांक फिरविण्यापूर्वीं मला कांहीं होत आहे असें माणसाला म्हणतां आलें पाहिजे, आणि घरच्यांना तें ऐकतां आलें पाहिजे. ती भाषा घरोघरीं पोंचविणें हें कथा-कादंबरीचें काम आहे. यापुढें वीरकथा परीक्षणास आली कीं, तिचा नायक घरीं आल्यावर त्याचें काय झालें, हा प्रश्न टीकाकारांनीं अवश्य विचारावा.