'डिप्रेस्ड' म्हणजे कोण?

'डिप्रेस्ड' या इंग्रजी शब्दाचे उदास, मंदावलेला, खचलेला, दडपलेला असे अनेक अर्थ होतात. माझे विद्यार्थी पहिल्याच अर्थावर थांबतात. पण 'डिप्रेस्ड क्लासेस' हा मनाचा आजार नव्हता. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या १९०६ च्या 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन'चे मराठी नाव 'निराश्रित साह्यकारी मंडळी'. शिंद्यांची तळमळ निर्विवाद. परंतु निराश्रिताला आश्रयदाता लागतो, दडपणारा त्या शब्दात दिसत नाही. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी स्थापलेल्या सभेच्या नावात 'बहिष्कृत' आला आणि प्रश्न उभा राहिला : बहिष्कार घातला कोणी? 'दलित'ही तेच विचारतो. १९३५ च्या कायद्यातला 'शेड्यूल्ड' म्हणजे नुसता यादीतला. तो पुन्हा गप्प. हे शब्द समानार्थी मानणे म्हणजे दडपणाऱ्याला मोकळे सोडणे होय.