चार घोटांची समीक्षा

मराठी साहित्यात मद्याचा पेला येतो तो बहुधा आरोपी म्हणून. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले आणि आपल्याकडे त्या पेल्याचा खटला कायमचा निकालात निघाला. निकाल रास्तच होता. त्यावर अपील करण्याचा माझा विचार नाही. परंतु सुधाकर पितो तो अपमान विसरण्यासाठी, आणि तळीरामाचे आर्यमदिरामंडळ पिते ते पिण्यासाठी. चव हा त्या मंडळींच्या आस्थेचा विषयच नव्हे.

आता मात्र चवीच्याच नावाने मद्य विकणारी ठिकाणे निघाली आहेत. पुण्यात २००९ साली ‘डूलॅली’ निघाली. हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून गोऱ्या सोजिरांची डोकी फिरत, म्हणून! पुढे अशी आणखी ठिकाणे झाली. बियर तेथेच तयार होते आणि तेथेच प्यावयास मिळते. चवीचा दावा केला की समीक्षा ओघानेच आली. म्हणून माझ्या एका प्राध्यापक स्नेह्यांबरोबर अशाच एका ठिकाणी मी एक संध्याकाळ घालविली.

लाकडी फळीवर चार चिमुकले पेले आले, फिक्यापासून काळ्यापर्यंत. यामागची कृती आपल्या गृहिणींना परकी वाटू नये. नाचणीचे सत्त्व करताना धान्य भिजवून मोड आणतात, वाळवितात, भाजतात. येथे तेच सातूच्या जातीच्या धान्याचे, बार्लीचे, करतात. मग त्याचा गोड काढा उकळून त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालतात आणि निवल्यावर यीस्ट घालून तो आंबवितात.

पहिला पेला जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बियरचा. नाकाशी नेताच पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास आला. वस्तुतः तीत केळे नाही, लवंगही नाही. दोन्ही वास यीस्टच्या करणीतून उपजतात. नायिका दुःखी आहे असे एकदाही न सांगता दुःख जाणवून देणारी कथा असते, त्या जातीची ही कारागिरी. चौघांत मी हिला पहिला मान देतो.

दुसरी बेल्जियन वळणाची. हिच्यात संत्र्याची साल आणि चक्क धणे घालतात. अलंकार बाहेरून आणलेला खरा, पण बेताचा, अंगावर शोभतो.

तिसरी ‘इंडिया पेल एल’. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून हिंदुस्थानात जहाजाने येणाऱ्या बियरमध्ये ती टिकावी म्हणून हॉप सढळ हाताने घालीत. पुण्यात हौदातून पेल्यात उतरणाऱ्या बियरला एवढ्या प्रवासाचे भय नाही. तरी येथील कडवटपणा असा की धान्याची गोडी जिभेला सापडेना. कडू म्हणजे सखोल, हा समज आमच्या काही कादंबरीकारांचाही आहे. कारल्याची भाजी करणारी कोणतीही सुगरण त्यांना सांगेल की, कडूपणा खुलतो तो गुळाच्या खड्यामुळे.

चौथी ‘स्टाउट’, काळीभोर. करपण्याच्या सीमेपर्यंत भाजलेल्या धान्यामुळे हिला कॉफीचा गंध आणि खरपूस भाकरीची चव. गंभीर, भारदस्त. प्राध्यापकांनी तिला सर्वश्रेष्ठ ठरविले. पाचवी आली असती तर ती याहूनही श्रेष्ठ ठरली असती, याविषयी मला शंका नाही.

आणि या कलेची खरी मेख येथेच आहे. चांगल्या कादंबरीचे चौथे प्रकरण वाचताना वाचक पहिल्या प्रकरणापेक्षा अधिक जागा असतो. गाणे रंगते तसा कान तयार होत जातो. बियरची गोष्ट उलटी. ती आपल्याच परीक्षकाला घोटाघोटाने निकामी करीत जाते. कलाकृती आणि तिला दिलेली लाच एकाच पेल्यातून पुढे येते. म्हणून पेले चिमुकले, म्हणून मधे पाण्याचा घोट, आणि म्हणूनच मी प्रत्येक पेला अर्धा ठेवला. प्राध्यापकांना ती अरसिकता वाटली. मला वाटते, रसिकतेची येथील पहिली अट तीच आहे.

गडकऱ्यांनी नीतीच्या बाजूने जे बजावले, तेच रसाच्या बाजूनेही बजवावे लागते. चवीसाठी पितो असे म्हणणाऱ्या माणसाला एवढेच विचारावे: शेवटच्या पेल्याची चव कशी होती? ती नेमकी सांगता आली, तर त्याला रसिक म्हणावे. नुसतेच “वा!” म्हणाला, तर तो आर्यमदिरामंडळाचा सभासद झालाच समजावे.