महासम्मताचे आसन : निवड आणि जन्म

संसदीय लोकशाही असलेल्या राष्ट्राने आपल्या प्रमुखपदी वंशपरंपरेने आलेला राजा ठेवावा, की त्याच्या जागी निवडलेला अध्यक्ष बसवावा, हा प्रश्न जगात अद्याप संपलेला नाही. १९९९ च्या सार्वमतात ऑस्ट्रेलियाच्या मतदारांनी राणीलाच प्रमुखपदी कायम ठेवले. बार्बाडोसने २०२१ मध्ये ते पद काढून टाकले. २०२२ मध्ये तिसरे चार्ल्स गादीवर आले आणि ब्रिटनसह १५ देशांचे राष्ट्रप्रमुख केवळ जन्माच्या आधारे झाले. ब्रिटनचे वा कॅनडाचे नागरिकत्व घेणाऱ्या आपल्या मराठी बांधवांना राजा आणि त्याचे वारस यांच्याशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते.

भारताने हा प्रश्न २६ जानेवारी १९५० रोजी निकालात काढला. मग बौद्ध अभ्यासाच्या पृष्ठांवर त्याची चर्चा कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण असे की, या वादातील दोन्ही पक्षांना पालि वाङ्मयातून एकच नाव सापडते. ते नाव महासम्मताचे होय. आपल्या लेखनात महासम्मताला लोकनियुक्त राजाचा आद्य आदर्श मानले जाते, तर बौद्ध देशांतील राजवंशांनी त्याच नावापासून आपली वंशावळ सांगितली. एका नावाचा असा परस्परविरोधी उपयोग कसा झाला, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्ताचा प्रसंग सर्वपरिचित आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोघे ब्राह्मण कुळातून संघात येऊ इच्छितात आणि त्याबद्दल त्यांचे ज्ञातिबांधव त्यांची निर्भर्त्सना करतात. त्यांना उद्देशून भगवान बुद्ध समाजाच्या उत्पत्तीची कथा सांगतात. शेतांच्या सीमा पडल्या, चोरी सुरू झाली, खोटे आणि मारहाण आली. तेव्हा लोक एकत्र जमले, आपल्यातीलच एकाची त्यांनी निवड केली, दोषींना शासन करण्याचे काम त्याच्याकडे सोपविले आणि त्याबद्दल साळीचा एक वाटा देण्याचे ठरविले. महाजनांनी संमत केलेला, म्हणून तो महासम्मत. येथे तीन गोष्टी स्पष्ट आहेत. राजा इतरांपासून वेगळ्या जातीचा नाही, त्याचे पद कामासाठी आहे आणि त्याचे वेतन लोकांनी ठरविलेले आहे.

तथापि, या सुत्ताला आधुनिक लोकशाहीचा आराखडा समजणे ही अतिशयोक्ती होय. निवडलेल्या माणसाची मुदत किती, त्याने कर्तव्य सोडले तर त्याला दूर कसे करावे, त्याच्या पश्चात काय करावे, यांविषयी सुत्त मौन पाळते. शिवाय ज्याची निवड झाली तो इतरांहून अधिक रूपवान आणि प्रभावशाली होता, असेही त्यात सांगितले आहे. सुत्ताचे खरे लक्ष्य राज्यव्यवस्था नसून जन्मश्रेष्ठत्वाचा दावा हे आहे, आणि तो दावा ते मुळापासून खोडून काढते. आमच्या मते त्याचे महत्त्व येथे आहे.

सुत्ताने जी जागा रिकामी सोडली ती पुढे वंशावळीने भरली. श्रीलंकेतील महावंसाचे दुसरे प्रकरण पाहावे. तेथे महासम्मत हा निवडीचा दाखला राहत नाही. तो मूळपुरुष होतो. त्याच्यापासून राजांची नामावली सुरू होते आणि ती शुद्धोदन व सिद्धार्थ यांच्यापर्यंत येऊन पोहोचते. ब्रह्मदेशातील राजघराण्यांनीही शाक्यकुळाशी नाते सांगून हाच मार्ग धरला. लोकांनी एकदा निवडले, आता पिढ्यान्‌पिढ्या निवडण्याचे कारण उरले नाही, असा या वंशावळीचा अर्थ झाला. जन्माचा दावा खोडणारे सुत्त अशा रीतीने जन्माच्या दाव्याचे प्रमाणपत्र बनले. कंबोडियाच्या १९९३ च्या संविधानात राजाची निवड एक मंडळ करते, परंतु उमेदवार ठरावीक राजकुळांतीलच असावा लागतो. निवडीला जन्माचे कुंपण घातले की काय उरते, याचे हे जिवंत उदाहरण आहे. याउलट श्रीलंकेने १९७२ मध्ये ब्रिटिश राजपदाशी असलेला संबंध तोडून स्वतःस प्रजासत्ताक घोषित केले.

राजपदाचे आजचे समर्थक मात्र वंशाची थोरवी गात नाहीत. त्यांचा युक्तिवाद अधिक सौम्य आहे. राजा राज्य करीत नाही, सत्ता मंत्रिमंडळाकडे आहे, राजाकडे केवळ मानाचे स्थान उरले आहे, मग त्याने कोणाचे काय बिघडते? नाशिकच्या वाचकाला या युक्तिवादाचे उत्तर ग्रंथात शोधावे लागणार नाही. २ मार्च १९३० रोजी येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी रामनवमीला रथ ओढण्यावरून संघर्ष झाला. स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून रथ ओढावा असे ठरले होते. तो शब्द पाळला गेला नाही आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. रथाच्या दोराने कोणाला जमीन मिळणार नव्हती, की कोणते अधिकारपद. तो निव्वळ मान होता. तरीही तो वाटून घेण्यास नकार देण्यात आला, कारण जन्माची उतरंड मानावरच उभी असते. सत्तेला निदान जाब विचारता येतो. मानाला तो विचारण्याची सोय नसते. म्हणून राष्ट्राच्या सर्वोच्च मानाचे आसन जन्मासाठी राखून ठेवणे ही निरुपद्रवी बाब आहे, असे आम्हांस म्हणवत नाही.

यावर एक आक्षेप असा येईल, आणि तो आपल्या अंतःकरणातून येईल, की राजांनीच आपल्याला हात दिला. तो टाळून चालणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेस गेले. हे ऋण आपण विसरू शकत नाही. परंतु सयाजीराव हे याच नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील मुलगे, १८७५ मध्ये दत्तक घेतले गेले. शाहू महाराजही कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ मध्ये दत्तक आले. चांगला राजा मिळणे हा योगायोग होता, व्यवस्थेचे ते अभिवचन नव्हते. आणि चांगल्या राजाच्या इच्छेलाही मर्यादा होती. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा महाराजांच्या राजधानीत त्यांना राहावयास घर मिळाले नाही. राजाची कृपा पदावर नेमू शकली, पण शेजाऱ्यांच्या मनातील उतरंड तिला हलविता आली नाही. कृपेची जागा हक्काने घ्यावी लागते, हा धडा त्यातून मिळतो.

हा धडा संविधानात कसा उतरला ते पाहावे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सादर करताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, भारताच्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राज्याचा प्रमुख आहे, कार्यकारी सत्तेचा नव्हे. म्हणजे राजाचे काम त्यांनी ठेवले आणि राजाचा जन्म तेवढा वगळला. अनुच्छेद ५८ नुसार भारताचा नागरिक असलेली, ३५ वर्षे वय पूर्ण केलेली आणि लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असलेली व्यक्ती या पदास पात्र ठरते. अनुच्छेद ५६ पाच वर्षांची मुदत घालतो, अनुच्छेद ६१ महाभियोगाची तरतूद करतो. अग्गञ्ञसुत्ताने जे प्रश्न अनुत्तरित ठेवले होते, त्यांची उत्तरे येथे मिळतात. १९९७ मध्ये के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले, ते या दोन ओळींच्या पात्रतेमुळेच शक्य झाले. अर्थात जन्माचा मान एका दिवसात गेला नाही. माजी संस्थानिकांची मान्यता आणि तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत चालू राहिले.

निवडलेला प्रमुख आपोआप चांगला ठरतो असे आमचे म्हणणे नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही करणारे राष्ट्रपती निवडूनच आलेले होते. ऑस्ट्रेलियातही प्रजासत्ताकवाद्यांचा पराभव झाला त्याचे एक मोठे कारण, अध्यक्ष संसदेने निवडावा की जनतेने, यावर त्यांच्यातच पडलेली फूट हे होते. निवडीची पद्धत ठरविणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु चुकलेल्या निवडीची मुदत संपते. जन्माची मुदत संपत नाही.

अखेरीस मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लानसुत्ताकडे वळू. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर अजातशत्रूचा मंत्री वस्सकार आनंदांना विचारतो की, तथागतांनी वा संघाने आपल्या पश्चात कोणाला आधारस्थान म्हणून नेमले आहे काय? आनंद नकार देतात आणि आपण निराधार नसून धम्म हाच आपला आधार आहे असे सांगतात. पुढे ते दहा गुण सांगतात. ज्या भिक्षूच्या ठायी ते असतील त्याचा संघ आदर करतो. आदर आहे, पण तो गुणांच्या मागून जातो. वंशाच्या किंवा नात्याच्या मागून जात नाही.

एक राजमंत्री हा प्रश्न विचारतो यात नवल नाही. वारसाशिवाय संस्था टिकेल यावर त्याचा विश्वास बसणे कठीण होते. आज तोच प्रश्न आपल्या पक्षांत, संस्थांत आणि विहारांच्या समित्यांत विचारला जातो. एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता गेला की, त्याच्या जागी कोण, यापूर्वी त्याचा मुलगा कोण, हे विचारले जाते. मुलगा योग्य असेल तर त्याची निवड अवश्य व्हावी. परंतु ती सभेत, इतरांच्या बरोबरीने आणि ठरावीक मुदतीसाठी व्हावी. महासम्मताचे नाव आपण भाषणांत घेतो. आपल्या समितीच्या पुढच्या वार्षिक सभेत त्याचा अर्थ लागू करून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.