‘स्थिर’ या संज्ञेची चिकित्सा

मालवणी बोलीच्या मुद्रित नमुन्यांचा शोध घेताना ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडातील (१९०५) ‘कुडाळी’पर्यंत मागे जाता येते. ते नमुने कागदावर टिकले. आज बोलींचे ध्वनिमुद्रण संगणकावर साठविले जाते. त्यामुळे साठवणप्रणालीची ‘स्थिर’ आवृत्ती घ्यावी की ‘विकासाधीन’, हा प्रश्न भाषाभ्यासकासही टाळता येत नाही. वृद्ध निवेदक निवर्तला, की त्याचे मुद्रण पुन्हा करता येत नाही.

ही निवड करताना ‘स्थिर’ म्हणजे ‘निर्दोष’ असे सर्रास गृहीत धरले जाते. हा अर्थ प्रयोगास धरून नाही. डेबियन प्रणालीत स्थिर आवृत्ती म्हणजे जीत सामान्यतः नव्या सोयी घातल्या जात नाहीत, केवळ सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या होतात, अशी आवृत्ती होय. स्थैर्य हे येथे बदलाच्या मर्यादेचे नाव आहे, गुणवत्तेचे नव्हे.

ओपन-झेडएफएसचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिची २.२.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये स्थिर म्हणूनच प्रसिद्ध झाली. पुढे काही नकललेल्या फाइलींचे भाग शून्यांनी भरले जात असल्याचे आढळले. शोधाअंती मूळ दोष जुना असून २.१ या मालिकेतही असल्याचे दिसले आणि नोव्हेंबरअखेर दोन्ही मालिकांत दुरुस्ती झाली. नव्या सोयीने जुना दोष केवळ उघडा पाडला होता.

तथापि यावरून स्थिर आवृत्ती व्यर्थ ठरत नाही. तिचे दोष अनेकांनी अनुभवलेले व नोंदलेले असतात. विकासाधीन आवृत्तीचे अद्याप शोधावयाचे असतात. शिवाय नव्या सोयी एकदा चालू केल्या, की जुन्या आवृत्तीस तो साठा वाचता येईलच असे नाही. परतीची वाट बंद होऊ शकते. म्हणून विकासाधीन आवृत्ती नकलेवर तपासावी, मूळ मुद्रणावर नव्हे. आणि कोणतीही आवृत्ती दुसऱ्या प्रतीची जागा घेत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने मालवण किनाऱ्याची वीज तोडली, तेव्हा आवृत्तीचा प्रश्नच उरला नव्हता. दुसरी प्रत घाटावर असावी, ती यासाठी.

भाषाभ्यासकास हा विवेक अपरिचित नाही. प्रमाणभाषा बोलीहून शुद्ध असते म्हणून प्रमाण ठरत नाही. तिचे नियम लिहून ठेवलेले असतात, एवढाच तिचा अधिकार. ‘स्थिर’ या शब्दासही याहून अधिक मान देऊ नये. आणि याहून कमीही देऊ नये.