काचेचा स्वभाव

गेल्या पावसाळ्यात अंधेरीतल्या कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या मागच्या खोलीत मी दिवसभर बसून होतो. एका छोट्या मराठी चित्रपटाचा तरुण छायालेखक लेन्सची चाचणी घेत होता. कॅमेरा तोच, दिवा तोच, खुर्चीवर बसलेली अभिनेत्रीही तीच. बदलत होती फक्त लेन्स. जुन्या कुक, सत्तरच्या दशकातल्या झाइस सुपर स्पीड, अलीकडच्या मास्टर प्राइम. मॉनिटरसमोर आम्ही पाचसहा जण. लेन्सची नावे ठाऊक होती तोवर प्रत्येकाचे मत ठाम होते. दुपारी त्याने तेच शॉट नावे झाकून दाखवले आणि आमची भंबेरी उडाली. मी ज्या चेहऱ्याला 'हा खास कुकचा उबदारपणा' म्हणालो, तो मास्टर प्राइमने टिपलेला निघाला.

त्या फजितीतूनच हा लेख सुचला. लेन्सच्या तुलनांचा सध्या सुकाळ आहे आणि त्यांची रीतही ठरून गेली आहे : रेषांचा तक्ता, रंगांची पट्टी, खुर्चीवर एक गोरी तरुणी, मागे धूसर होत जाणारे दिवे. मग निकाल लागतो की अमुक लेन्स 'भावपूर्ण' आणि तमुक 'कोरडी'. अत्तराच्या दुकानात शोभावी अशी ही भाषा आहे. चित्रपटाच्या समीक्षकाला तिचा काय उपयोग?

मोह समजण्यासारखा आहे. फिल्मच्या काळात छायालेखकाच्या हाती बऱ्याच गोष्टी होत्या. कोणती फिल्म घ्यायची, प्रयोगशाळेत ती किती वेळ धुवायची, प्रिंट कशी काढायची. २००७ साली 'रेड वन' आणि २०१० साली ॲरीचा 'ॲलेक्सा' आल्यावर चित्र बदलले. आता जगभरातले शेकडो चित्रपट त्याच दोन-तीन जातींच्या सेन्सरवर उमटतात. आपले म्हणून वेगळे काही निवडायचे तर उरते ती कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवायची काच. म्हणून कपाटात धूळ खात पडलेले जुने संच बाहेर निघाले, त्यांची भिंगे नव्या धातूच्या नळ्यांत बसवली गेली आणि भाडी चढली.

पण त्या जुन्या काचेचा इतिहास पाहिला, की 'भाव' हा शब्द जरा सावधपणे वापरावासा वाटतो. १८९३ साली डेनिस टेलर याने यॉर्कमधल्या कुक या दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीत तीन भिंगांची प्रसिद्ध रचना केली. ती तयार करण्याचे काम लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन या कंपनीकडे गेले आणि दुर्बिणवाल्यांचे नाव लेन्सला कायमचे चिकटले. पुढे बोलपट आले. कार्बन आर्कचे दिवे गुणगुणत आणि ती गुणगुण ध्वनिमुद्रणात शिरे. म्हणून टंगस्टनचे शांत दिवे आले; पण त्यांचा उजेड कमी पडे. त्यासाठी एफ-२ इतके मोठे तोंड असलेली 'स्पीड पँक्रो' लेन्स उपयोगी पडली. आज ज्याला आपण कुकचे मार्दव म्हणून गौरवतो, त्याच्या मुळाशी दिव्यांची गुणगुण आहे. मार्दव ही त्या लेन्सची महत्त्वाकांक्षा नव्हती. तिला फक्त कमी उजेडात काम भागवायचे होते.

दुसरी गोष्ट लेपाची. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. लेन्समध्ये असे आठ पृष्ठभाग असतील तर पाव हिश्शाहून जास्त प्रकाश वाटेतच गळतो. (सिनेमाच्या लेन्सवर एफऐवजी टी हे माप लिहितात ते यासाठीच : तोंड किती मोठे यापेक्षा प्रत्यक्षात उजेड किती पोचतो हे कॅमेरामनला हवे असते.) गळलेला सगळाच उजेड बाहेर जात नाही. त्यातला काही भिंगांमध्ये टोलवला जाऊन चित्रभर पसरतो आणि सावल्यांवर एक पातळ पांढुरका पडदा चढतो. झाइसच्या स्माकुला या शास्त्रज्ञाने १९३५ साली लेपाची युक्ती शोधली ती हाच पडदा हटवण्यासाठी. आज आपण तो पडदा पैसे देऊन विकत आणतो.

मग काच चित्रपटाच्या अर्थात कधी शिरते? मला वाटते, तिने आशयावर काही अट लादली तर. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'बॅरी लिंडन'चे (१९७५) उदाहरण सर्वांच्या तोंडी असते; पण ते बहुधा चुकीच्या कारणासाठी दिले जाते. नासासाठी झाइसने ५० मिलिमीटरच्या, एफ-०.७ इतक्या मोठ्या तोंडाच्या मोजक्या दहा लेन्स बनवल्या होत्या. त्यातल्या तीन कुब्रिकने मिळवल्या, मिचेल कॅमेरा कापूनकुपून त्यावर बसवल्या आणि जॉन ऑलकॉटने मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग टिपले. कौतुक होते ते मेणबत्त्यांचे. मला महत्त्वाची वाटते ती फोकसची खोली. ती इतकी अरुंद होती, की नटाने मान जरा पुढे केली तरी डोळे धूसर व्हायचे. अंतर जोखण्यासाठी बाजूने काटकोनात एक व्हिडिओ कॅमेरा लावावा लागला होता. नट हलू शकत नाहीत. आणि चित्रपट आहे तो अशा उमरावांचा, जे आपल्या दिवाणखान्यात चित्रातल्यासारखे अडकून पडले आहेत. लेन्सची मर्यादा आणि पात्रांचे जिणे इथे एकच होते.

आता गणित पाहा. कुब्रिकची फिल्म १०० एएसएची होती आणि ती एक स्टॉप ढकलून २०० केली होती. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर १६०० ही संवेदनक्षमता सहज मिळते, म्हणजे तीन स्टॉप जास्त. तेवढेच तीन स्टॉप ०.७ आणि २ या एफ मापांत आहेत. त्याच मेणबत्त्या आज एफ-२च्या साध्या लेन्सने टिपता येतील, आणि नट खुशाल मान हलवतील. उजेड तोच राहील, अट मात्र नाहीशी होईल.

रॉजर डीकिन्सने 'द असॅसिनेशन ऑफ जेसी जेम्स'मध्ये (२००७) जुन्या रुंद कोनाच्या भिंगांतून मुद्दाम बिघडवलेल्या लेन्स वापरल्या. मधला भाग स्वच्छ, कडा वितळलेल्या, रंग फुटलेले. त्या येतात मोजक्या जागी, विशेषतः निवेदक दंतकथा सांगू लागतो तिथे. बाकीचा चित्रपट सरळ काचेतून पाहिलेला आहे, म्हणून ही धूसर काच विरामचिन्हासारखी वाचता येते. हाच डीकिन्स '१९१७'साठी (२०१९) अगदी निर्दोष सिग्नेचर प्राइम घेतो, त्यातही बहुतेक सगळा चित्रपट ४० मिलिमीटरवर. तिथे कॅमेरा सैनिकांबरोबर अखंड चालतो आहे. फोकस बदलताना चौकट श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर झाली असती, तर प्रेक्षकाला लेन्सची आठवण झाली असती.

उलट 'रोग वन'ची (२०१६) निवड मला पटलेली नाही. ग्रेग फ्रेझरने ॲलेक्सा ६५ या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर अल्ट्रा पॅनाव्हिजन ७०च्या जुन्या ॲनामॉर्फिक लेन्स लावल्या. चित्र देखणे आहे यात वाद नाही. पण हा चित्रपट १९७७च्या 'स्टार वॉर्स'ला जोडून येतो आणि तो मूळ चित्रपट मुख्यतः ३५ मिलिमीटर ॲनामॉर्फिकवर टिपलेला होता. अल्ट्रा पॅनाव्हिजनचा घराणा 'बेन-हर'सारख्या भव्य पौराणिकांचा. जी आठवण जागवायची ती एका घराण्याची आणि काच दुसऱ्याच. ॲनामॉर्फिकचे दोष आज दागिन्यासारखे मिरवतात, त्याचीही गंमत वाटते. सुरुवातीच्या सिनेमास्कोप लेन्समध्ये जवळून घेतलेला चेहरा गालगुंड झाल्यासारखा रुंद दिसे आणि लोक त्यावर वैतागत. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप 'कागज़ के फूल' (१९५९). त्यातली व्ही. के. मूर्तींची ती अजरामर प्रकाशशलाका आरशांवरून परतवलेल्या उन्हाची होती. तिचे श्रेय कोणत्याही लेन्सला देता येत नाही.

पुन्हा अंधेरीतल्या खोलीत येतो. दुपारनंतर छायालेखकाने अभिनेत्रीला खिडकीपुढे बसवले. ती सावळी आहे. समोरून दिवा होता तोवर जुनी कुक खरोखर मायाळू वाटत होती. खिडकीतला उजेड मागून येऊ लागला, तसा तो पांढुरका पडदा उतरला आणि तिच्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखी कळा आली. मास्टर प्राइमने मात्र तिच्या गालाच्या हाडावरची तकाकी राखली, मानेखालचा काळोख काळोखच ठेवला. तुलनेच्या चित्रफितींत हे दिसत नाही, कारण खुर्चीवरची बाई गोरी असते. कोडॅकने प्रयोगशाळांसाठी गोऱ्या स्त्रीचा चेहरा असलेली 'शर्ली' कार्डे वर्षानुवर्षे प्रमाण म्हणून पुरवली. ती कार्डे गेली, सवय राहिली. आमचा चित्रपट तर वाड्यातला : आत अंधारे माजघर, बाहेर रणरणते अंगण, आणि उंबऱ्यात उभी सावळी माणसे. जुन्या काचेसाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही.

यावर दिग्दर्शकाचे म्हणणे, 'नंतर सुधारू की.' इथे एक तांत्रिक गोष्ट नीट सांगायला हवी. लेन्सची पिवळसर झाक, कडांचा काळोख, थोडे मार्दव हे सारे रंगसंस्कारात आणता येते. पांढुरका पडदाही घालता येतो. पण एकदा चढलेला काढता येत नाही, कारण त्याच्याखाली सावलीतला तपशील गाडला गेलेला असतो. 'ड्यून'चे (२०२१) डिजिटल चित्र फिल्मवर उतरवून पुन्हा स्कॅन केले गेले; खरखर नंतर मिसळली. तरी दिग्दर्शकाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. सेटवर मॉनिटरमध्ये जे दिसते त्यावरून माणसे निर्णय घेतात. धूसर चित्र पाहून तो नटाला जवळ बोलावतो, दिवा हलवतो, शॉट लांबवतो. हे नंतर मिसळता येत नाही.

शेवटी त्यांनी मास्टर प्राइमचा संच घेतला. त्याचे भाडे जास्त पडले, म्हणून चित्रीकरणाचा एक दिवस कमी केला. आजीच्या बाळंतपणाच्या आठवणीसाठी एकच जुनी ५० मिलिमीटर कुक दोन दिवस ठेवून घेतली होती. तो प्रसंग त्यांनी खिडक्या बंद करून, समोरून येणाऱ्या एका कंदिलावर टिपला. मी कच्चे संकलन पाहिले तेव्हा त्यातले चार शॉट शिल्लक होते, आणि पुढच्या फेरीत दोन जातील असे संकलक म्हणत होता.