सात बेटं, एक रेघ

मुंबईच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांत तो नकाशा भेटतोच. निळ्या पाण्यात सात ठिपके: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. शालेय संदर्भपुस्तकांपासून जाडजूड ग्रंथांपर्यंत सगळीकडे हाच नकाशा थोड्याफार फरकाने फिरतो आहे. तो कोणत्या सालचा, कशावरून काढला, प्रमाण काय, हे त्याखाली क्वचितच लिहिलेलं असतं. भाचीला प्रकल्पासाठी तो काढून देताना मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि चिडलो.

मी नेरूळला राहतो. पाम बीच रस्त्यापलीकडे खाडी आहे. सकाळी जिथे पाणी असतं तिथे दुपारी चिखल असतो, त्यात बगळे चालत असतात. पाणी कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते, हे इथे घड्याळ बघून सांगावं लागतं. त्या नकाशात मात्र प्रत्येक बेटाभोवती एकच ठाम रेघ. भरती नाही, ओहोटी नाही, खाजण नाही. खरं तर ही बेटं ओहोटीला बरीचशी एकमेकांना चिकटत. पायधुनी हे नावच सांगतं की तिथे माणसं चिखलपाण्यातून येऊन पाय धूत. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरे आणि सखल भाग भरून टाकी. अठराव्या शतकात हॉर्नबीच्या बांधाने ते अडवलं. एका रेघेच्या नकाशावरून हा बांध का घातला हे कळतच नाही. वाचकाला वाटतं, दोन बेटं जोडायला पूल बांधला.

अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी 2009 मध्ये ‘सोक’ या पुस्तकातून आणि प्रदर्शनातून नेमका हाच मुद्दा मांडला होता. मुंबईकडे बेट म्हणून न पाहता खाडीमुख म्हणून पाहा, असं त्यांचं म्हणणं. मराठी संदर्भलेखनात त्याचा पडसाद फारसा दिसत नाही.

भाषेचंही तसंच. ‘सदर द्वीपसमूहाचे पुनर्प्रापणाद्वारे एकत्रीकरण संपन्न झाले’ अशा घाटाची वाक्यं मी किती वाचली असतील! पुनर्प्रापण म्हणजे परत मिळवणं. समुद्राने आपलं काय नेलं होतं, की ते परत मिळवलं? साधा शब्द आहे, भराव. भराव म्हटलं की लगेच पुढचे प्रश्न येतात: कुणी घातला, माती कुठून आणली, तिथे आधी कोण मासे धरत होतं? ‘संपन्न झाले’मध्ये हे सगळे प्रश्न बुडतात. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ 1863 चं. त्यातली मराठी आज जुनी वाटते, पण ती शहर पाहिलेल्या माणसाची आहे, फाइल पाहिलेल्याची नाही.

नावांचा घोळ तर विचारूच नका. कुलाबा म्हणजे मुंबईतलं बेट, अलिबागसमोरचा किल्ला, आणि 1981 मध्ये रायगड झालेला जिल्हा. साष्टी ठाण्याकडेही आहे आणि गोव्यातही. माझ्या घराजवळचं उदाहरण तुर्भ्याचं. एक तुर्भे आमच्या बाजूला, रेल्वे स्टेशन असलेलं; दुसरं खाडीपलीकडे, ज्याला बाकीचे ट्रॉम्बे म्हणतात. ते दुसरं एकेकाळी बेटच होतं, पण सातांच्या यादीत नसल्याने नकाशातून गायब. साष्टीही बहुतेकदा कागदाच्या कडेला कापलेली असते. आज निम्म्याहून अधिक मुंबई ज्या बेटावर राहते, तेच चौकटीबाहेर!

हे क्षुल्लक नाही. 1661 च्या विवाहतहात पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला मुंबई दिली, आणि ‘मुंबई’ म्हणजे नेमकं किती यावर पुढे दीर्घकाळ भांडण चाललं. इंग्रजांचं म्हणणं, साष्टीही त्यातच आली. पोर्तुगीज म्हणाले, नाही. साष्टी इंग्रजांच्या हाती आली ती 1774 च्या अखेरीस, तीही मराठ्यांकडून. अस्पष्ट शब्दाची किंमत या बेटांनी एवढी मोजली आहे.

माझी मागणी मोठी नाही. किनाऱ्याला दोन रेघा द्या, एक भरतीची, एक ओहोटीची. मधला पट्टा ठिपक्यांनी भरा आणि त्यावर ‘खाजण’ असं लिहा. नकाशाखाली साल घाला. कुलाब्याचा रस्ता 1838 चा, माहीमचा 1845 चा, तेव्हा 1800 चा नकाशा आणि 1850 चा नकाशा एक असूच शकत नाही. चौकट साष्टी आणि तुर्भे मावतील एवढी मोठी करा. एवढ्यासाठी छपाईचा खर्च वाढत असेल, तर पुढचं रंगीत छायाचित्र गाळा.

मधल्या त्या पट्ट्याला नाव नसलं की तो रिकामा समजला जातो. नेरूळच्या पाणथळ जागांचा वाद न्यायालयापर्यंत गेला, तेव्हाही मुळात प्रश्न तोच होता: ही जागा काय म्हणून धरायची?

भाचीच्या वहीत शेवटी आम्ही पेन्सिलीने दुसरी रेघ काढली. बाईंनी त्यावर लाल शाईत लिहिलं, ‘पुस्तकाप्रमाणे काढणे.’